एकोणीस दिवस न दिलेल्या गोळ्या

आमच्या गावात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करायची पद्धत होती. मी सांगितलं, की आज शाळा तपासायला आलेल्या साहेबाला मी तासभर गप्प बसवलं, तर ऐकणारा मनात धरायचा की साहेब आलाच असेल तर चहा पिऊन गेला असेल. बाजारहत्नूरच्या पलीकडे, जंगल जिथं थेट शेताच्या बांधावर येऊन बसतं, अशा गावात मी मराठी शाळेचा मास्तर होतो. हातात खडू, तोंडात वाघ. माझा वाघ सात हातांच्या खाली कधी आला नाही. बायको म्हणायची, "अवो, दाराले कडी हाय, तशी तोंडाले बी लावा एखांदी."

मुलगी मात्र वजाबाकी करत नसे. उलट विचारायची, "बाबा, सात हात शेपूट धरून, का सोडून?" म्हणजे तिला आणखी हवं असायचं. मग मी वाघ वाढवायचो. नऊ वर्षांची होती. घरात मला पूर्ण मापानं घेणारी ती एकटीच.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. त्या वर्षी भादव्यात डास असे माजले होते की कापसाच्या बोंडावर बसले तर बोंड वाकायचं. हे मी वाढवून सांगतो आहे. घरोघरी ताप होता, हे मात्र जसं होतं तसं. आमच्या मुलीलाही आला. दोन दिवस आम्ही सगळ्यांसारखाच धरला, काढा दिला, पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाणी मागायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "पाटी दे." मी हसलो. म्हटलं, तापात पण अभ्यास सुचतो आहे पोरीला. बायको हसली नाही. घटकाभरात पोरीचे डोळे वर गेले, उजवा हात ताठ झाला आणि खाट हलायला लागली.

आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. गावच्या पटेलाचा, म्हणजे पाटलाचा, ट्रॅक्टर आमच्या गल्लीत तोवर कधी शिरला नव्हता. गल्ली अरुंद आहे, असं पटेल सांगायचा. त्या दुपारी गल्ली आपोआप रुंद झाली. मी वर पटेलाकडे धावत गेलो होतो, काय बोललो ते मला आठवत नाही, आणि माझं बोलणं मला आठवत नाही असं आयुष्यात तेवढंच एकदा झालं. पटेल स्वतः चालवत आला. ट्रॉलीत कापसाची रिकामी बारदानं टाकली, त्यावर बायको, तिच्या मांडीवर मुलगी. समोरच्या घरातली आत्याबाई कोणी न बोलावता चढून बसली. ही आत्याबाई माझी नात्यानं कोणी नव्हे, सगळ्या वस्तीची आत्या. अक्षर एक येत नव्हतं, पण विहारातली वंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या तोंडावर होती आणि दर पौर्णिमेला तीच सांगायची. माझ्या मुलीला तिनंच शिकवलेली. पोरीचा आवाज असा खणखणीत, की आत्याबाई तिला पुढं बसवायची आणि स्वतः मागून म्हणायची.

दवाखाना जिल्ह्याच्या ठिकाणी. मेंदूत ताप गेला, असं निदान झालं. डॉक्टर तरुण होता, तेलुगू. बायकोला मराठीशिवाय दुसरं येत नव्हतं. मधला दुभाषा मी.

डॉक्टर म्हणाला, वाचेल की नाही हे दोन दिवस सांगता येणार नाही. मी बायकोला सांगितलं, "म्हणतात, दोन दिवसांत उठून बसते." पोर वाचली, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, हात किती परत येईल, बोलणं किती परत येईल, कोणी सांगू शकत नाही; येईल ते हळूहळू येईल, कदाचित थोडंच येईल. मी सांगितलं, "दिवाळीपावतर पळते म्हणतात." बायको माझ्या तोंडाकडे पाहायची, मग डॉक्टरच्या तोंडाकडे पाहायची. तो एवढा वेळ बोलला आणि माझं भाषांतर एवढंसं कसं झालं, हे तिला दिसत होतं. तिनं मला विचारणं सोडून दिलं. वॉर्डातल्या आयाबाईजवळ बसून ती मोडकंतोडकं हिंदी शिकायला लागली.

दीड महिना आम्ही तिथं होतो. तेवढ्या दिवसांत वस्तीनं आमची चूल गावाकडून चालवली. आत्याबाईनं घरांच्या पाळ्या लावल्या. रोज सकाळच्या बसनं डबा निघायचा. ती बस म्हणजे अशी, की म्हशी तिला ओलांडून पुढं जायच्या आणि वळून पाहायच्या. पण ड्रायव्हर भला. डबा इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा, त्यामुळे भाकर आमच्या हातात यायची ती तव्यावरून उतरल्यासारखी, जरा डिझेलच्या वासाची. अंबाडीची भाजी, पिठलं, कधी नुसतं तेल-तिखट. पटेलाच्या घरूनही यायचं. त्यात तूप असायचं, आणि ते पळसाच्या पानात बांधलेलं असायचं, म्हणजे भांडं परत घ्यायची वेळ नको. दुसऱ्या महिन्यात ते स्टीलच्या डब्यात यायला लागलं. डबा त्यांनी परत नेलाही. बायको म्हणाली, "पोरीनं काहीतरी केलं म्हना गावात."

घरी निघताना डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. झटके येऊ नयेत म्हणून, सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं. एक दिवस चुकवायचा नाही आणि एकदम बंद तर अजिबात करायच्या नाहीत. हे मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. एवढं तरी.

घरी आणली तेव्हा तिची उजवी मूठ मिटलेली होती. पाय ओढत चालायची, भिंत धरून. बोललेलं तिला समजायचं, सगळं नाही, पण बरंच. तोंड उघडायची, ओठ हलायचे आणि आतून काही निघायचं नाही. मग डोळे भरून यायचे आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. गोळ्यांनी दिवसभर झोप. मी वाघाची गोष्ट काढली की ती पहिल्या दोन वाक्यांपर्यंत माझ्याकडे बघायची, तिसऱ्याला तिची नजर सुटायची. इतक्या वेगानं येणारे शब्द तिला धरता येत नव्हते. मला ते कळायचं, तरी मी गोष्ट पुरी करायचो. ऐकणारं कोणी नसलं तरी.

मग लोक यायला लागले. कोणी दर्ग्याचा ताईत आणला, कोणी मारुतीचा अंगारा, गुड्यावरची, म्हणजे जंगलातल्या गोंड पाड्यावरची, एक बाई झाडाची मुळी घेऊन सहा कोस चालत आली. मी दारात उभा राहून प्रत्येकाला भाषण दिलं. आपण नवस सोडले, अंगारे सोडले, देवाच्या दारात रडणं सोडलं. औषध डॉक्टरचं, विचार आपला. गोंड बाईला मराठी अर्धंच कळत होतं, तिनं माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मुळी उंबऱ्यावर ठेवून गेली. आत्याबाई मान हलवायची, "बरोबर हाय मास्तर तुमचं." एकदा मुलीच्या दंडावर काळा दोरा दिसला. बायकोनं कधी बांधला मला माहीत नाही. पेन्सिली तासायच्या ब्लेडनं मी तो कापला. बायको चुलीपुढं होती. तिनं वळून पाहिलं नाही, फुंकणीनं जाळ फुंकत राहिली.

मार्गशीर्षातली पौर्णिमा. विहार म्हणजे तेव्हा चार भिंती आणि वर पत्रे. ऊन अजून पत्र्यावर होतं. मुलीला मी उचलून नेलं आणि भिंतीला टेकवून बसवलं, पुढं नव्हे, बायकांच्या मागं. आत्याबाईनं त्रिशरण सुरू केलं. दुसऱ्या ओळीला माझ्या शेजारून आवाज आला.

तिचा आवाज. जाड, ओला, पण तिचाच. एकेक शब्द पुरा. माझ्या अंगावर काटा आला तो आठ दिवस उतरला नाही. शेजारच्या बाईनं म्हणणं थांबवलं, मग पुढच्या ओळीतल्या थांबल्या, मग आत्याबाईही थांबली. पत्र्याखाली एकटी माझी मुलगी म्हणत होती, मिटली मूठ मांडीवर ठेवून, समोर बघत. त्रिशरण संपलं, पंचशील लागलं, ते संपलं. कुठं अडखळली नाही.

मग जो कल्लोळ झाला! बायका रडल्या, म्हातारे रडले, कोणी तिचे पाय धरायला लागलं. तिथंच चूल मांडून खीर केली, आणि वरच्या आळीतल्या माणसांनीही खालच्या वस्तीत येऊन ती खाल्ली. पटेलाला मी कडकडून मिठी मारली. तो जरा आखडला, पण त्यानं मारू दिली.

पुढचे चार दिवस मी जमिनीवर चाललो असेन असं मला वाटत नाही. सकाळी बसच्या थांब्यावर मी होतो, दुपारी बाजारहत्नूरच्या बाजारात. माझी बातमी मोटारीच्या पुढं धावत होती. इंद्रवेल्लीला पोचेपर्यंत पोरगी उठून चालायला लागली होती, निर्मलला पोचेपर्यंत तिनं पाली भाषेत प्रवचन दिलं होतं. माणसं बघायला यायला लागली. बैलगाड्या यायच्या. मी तिला ओसरीवर चादर टाकून बसवायचो, आत्याबाई पहिला शब्द द्यायची आणि पोर पुढचं सगळं म्हणायची. लोक हात जोडायचे. मग एखादी म्हातारी विचारायची, "नाव काय गं माय तुहं?"

मुलगी तोंड उघडायची. ओठ हलायचे.

"दमली," मी म्हणायचो. "सकाळपासून म्हणून राह्यली ना."

गोळ्यांनी तिला झोप यायची आणि पाहुणे दुपारीच यायचे. पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता गोळ्या पुरे.

बायको म्हणाली, "डॉक्टरनं दोन वर्सं सांगतलं होतं."

"डॉक्टरनं असं बी सांगतलं होतं, का बोलणं येईल का नाई माहीत नाई. आलं ना?"

"कुठं आलं? पाठ होतं ते म्हनून राह्यली ती. सकाळी पानी पाह्यजे होतं तर तांब्याकडे बोट केलं तिनं."

"तू काळा दोरा बांधणारी. तुले काय समजते?"

नवसाच्या नावानं दारात भाषणं देणारा मी, घरच्या फळीवर स्वतःचा चमत्कार मांडून बसलो होतो आणि मला तो दिसत नव्हता. पंचशील बोलणाऱ्या तोंडाला गोळी कशाला, हे माझं तेव्हाचं वाक्य आहे. ते मी थांब्यावरही म्हटलं होतं आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. त्या वेळी निम्मं वजा करायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांना पुरं हवं होतं.

गोळ्यांची बाटली फळीवर राहिली. मुलगी दुपारची जागी राहायला लागली, जरा टवटवीत दिसायला लागली, मिटल्या मुठीतली दोन बोटं थोडी उघडली. मी बायकोला बोटं दाखवायचो. बघ म्हणायचो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अंगणात बायको तिची वेणी घालत होती. पोर एकदम पुढं पडली. या वेळी झटका थांबेचना. एक संपला की दुसरा, श्वास घ्यायला फुरसत नाही. तोंड निळं झालं. पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा बारदानं.

तोच डॉक्टर होता. दोन तास तो तिच्याजवळून हलला नाही. झटके थांबले तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मग तो व्हरांड्यात आला, भिंतीवर कागद ठेवून लिहायला लागला आणि मला विचारलं, गोळ्या रोज दिल्या होत्या ना?

आणि मी म्हणालो, "रोज, साहेब. घड्याळ लावून. सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला. पाहुणे असो नाही तर काही असो." घड्याळ आमच्या घरात नव्हतं.

डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली. तो स्वतःशीच तेलुगूत पुटपुटला. मला तेलुगू येत होतं. तो म्हणत होता, एवढ्या गोळीनंही थांबत नसेल तर मोठं औषध लावावं लागेल, त्यानं पोर आणखी सुस्त होईल, काविळीचं पण भय आहे, पण इलाज नाही. मी हे ऐकलं आणि उभा राहिलो. तोंडात दुसरी ओळ तयार होती, घड्याळाचा काटा, उजाडायच्या आधी उठायची माझी सवय. त्याची पेन्सिल चालत होती.

बायको खाली भिंतीशी बसली होती. ती उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणत्या साहेबाशी स्वतः बोलली.

"साब, गोली नै दिए. उन्नीस दिन. इनो बंद किए."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद फाडला. दुसरा घेतला. तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मी त्याची गोष्ट केली असती, अजून सांगत फिरलो असतो. त्यानं फक्त विचारलं, का? मी वंदनेचं सांगितलं. सांगताना ते फार लहान झालं.

तो पायरीवर बसला. म्हणाला, पाठ केलेलं, गायलेलं, रोजचं, हे डोक्यात एका जागी असतं. आपल्या मनातलं आपल्या शब्दांत बोलणं दुसऱ्या जागी. तिची पहिली जागा शाबूत आहे, दुसरी जखमी आहे. तुम्ही पहिलीला पाहून दुसरी बरी झाली समजलात. मग हिंदीत, मुद्दाम बायकोकडे वळून, त्यानं तेच सावकाश सांगितलं. मधे दुभाषा ठेवला नाही.

वीस दिवसांनी आम्ही परत आलो. उघडलेली दोन बोटं मिटली होती. पायानं आता उभंही राहवत नव्हतं. आणि वंदनाही गेली होती. आत्याबाईनं येऊन पहिला शब्द दिला, मुलगी तिच्याकडे बघत राहिली, जसं कोणी परक्या भाषेत बोलतं आहे.

पुढच्या पौर्णिमेला बायको म्हणाली, "विहारात सांगा."

"काय सांगू?"

"जे केलं ते."

मी उभा राहिलो. पन्नासेक माणसं. सुरुवात केली, "औषध जरा कमी पडलं, असं डॉक्टरांचं मत—"

"नीट सांगा," बायकांच्या बाजूनं आवाज आला. बायकोचा.

मग नीट सांगितलं. किती दिवस, का, डॉक्टरला काय बोललो तेही. सांगायला जेमतेम पाच वाक्यं लागली. खाली बघत होतो. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, यातून बी निम्मं वजा करू का?"

दोघंतिघं हसले, मग थांबले.

"नका करू," मी म्हणालो.

बायकांतून आत्याबाई उठली. म्हणाली, "आमी बी ऐकलं होतं ना. खीर आमी बी खाल्ली. पयला शबुद रोज मीच देत होती तिले, मले कळू नये का? एकट्या मास्तरच्या गळ्यात कायले बांधता?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पन गोळ्या आता माह्या घरी राहतीन. तुमच्या हातात नाई."

कोणी विरोध केला नाही. मीही नाही. बायकोनं तर घरी जाऊन लगेच बाटली काढून दिली.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आत्याबाई गल्ली ओलांडून यायची. पदरात गोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. अक्षर येत नव्हतं म्हणून तिनं ज्वारीचे दाणे ठेवले होते. एक गोळी दिली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. ती गावाला गेली तर वाट्या शेजारणीकडे जायच्या, शेजारीण शेतात असली तर पटेलाच्या सुनेनं पण एकदा दिली. मी मास्तर, अख्ख्या गावाच्या पोरांना गणित शिकवणारा, आणि माझ्या मुलीची गोळी माझ्या हातातून जात नव्हती. असं पाच वर्षं चाललं. दोनाची पाच माझ्यामुळे झाली.

डॉक्टरनं सांगितलं होतं, एका वेळी एकच वस्तू, एकच शब्द, आणि मग थांबा. थांबायची सवय आमच्या वस्तीत कोणाला नव्हती. तरी बायका थांबायला शिकल्या. मुलीला घेऊन बायको गल्लीतून निघाली, की एकेक दारात एकेक बाई वस्तू घेऊन उभी. "हे काय माय? लाटणं. लाट-णं." आणि मग गप्प. मुलीचे ओठ हलायचे. काही यायचं नाही. "बरं, उद्या," असं म्हणून बाई आत जायची. काहींना रडू यायचं म्हणून त्या लवकर आत जायच्या.

मलाही काहीतरी करावंसं वाटायचं. निर्मलहून मी लाकडी फळांची टोपली आणली, रंगवलेली, आंबा, सीताफळ, केळं, अशी हुबेहूब की माशी बसावी. मुलीनं लाकडी आंबा डाव्या हातात घेतला, नाकाशी नेला, खाली ठेवला. पुन्हा हातात घेतला नाही. आत्याबाई म्हणाली, "वास नाई त्याले. नाव कसं येईन मास्तर?" टोपली मी शाळेत नेऊन ठेवली.

वैशाखात एका संध्याकाळी आत्याबाई आली तेव्हा तिच्याकडचा गूळ संपला होता. तिनं नुसतीच गोळी दिली. मुलीनं चावली, तोंड वाकडं केलं.

"कडू," ती म्हणाली.

आत्याबाईच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. मी बायकोकडे पाहिलं. बायको आधी मुलीकडे बघत होती, मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

"कोनाले सांगू नका," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. आठ दिवस कोणालाच नाही. बसच्या थांब्यावर गेलो, चहा प्यालो, पावसाचं बोललो. मला ओळखणाऱ्याला ही माझी सगळ्यात मोठी थाप वाटेल. दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं मुद्दाम गूळ आणला नाही. मुलगी पुन्हा म्हणाली, "कडू." तिसऱ्या दिवशी "कडू" म्हणून तिनं गोळी आत्याबाईच्या हातावर परत ठेवली. आत्याबाई रडतही होती आणि तिला दटावतही होती.

शब्द आले. पण असे, जसा उन्हाळ्यात विहिरीचा झरा. बादली भरली की पुन्हा वाट पाहा. दोन वर्षांत शंभरेक झाले असतील. दोनांची जोडी, मग तिनांची. त्यापुढं गाडी फारशी गेली नाही. पाय सुधारला, हात नाही. सातवीत माझ्याच शाळेतून तिचं नाव मी माझ्या हातानं कमी केलं. हजेरीवर रेघ मारताना वर्गातली पोरं शांत बसली होती, एवढं आठवतं.

वंदनाही काही काळानं परत आली. पण ती विहारात म्हणत नाही. लोक तिच्या तोंडाकडे बघतात. ती ओठ मिटून बसते, शेवटपर्यंत. मला ऐकू येतं ते मागच्या अंगणात, भांडी घासताना, आपलं आपल्यासाठी म्हणते तेवढंच. मी आत असलो तर खोकत नाही.

आत्याबाई गेली तेव्हा मुलगी अठराची होती. नव्वदच्या पुढची तीन-चार वर्षं उलटली होती. आत्याबाईच्या पुण्यानुमोदनाला बायका जमल्या, बोलत बसल्या. त्या बोलण्यात जुनं निघालं असणार. त्यात वाईट हेतू कोणाचा नव्हता. आत्याबाईनं किती केलं ते सांगायचं तर आधी काय झालं होतं ते सांगावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी पेपर तपासत होतो. ती थांबली.

"बाबा. गोळी..."

तिला पुढचा शब्द लागायला वेळ लागतो. डोळे वर जातात, ओठ एकदोनदा चुकीची जागा घेतात. मध्ये बोलायचं नाही, हे आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी वाट पाहत होतो, आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात तीन गोष्टी उभ्या राहिल्या. त्या पावसाळ्यात पूल वाहून गेला होता, गोळ्या आणायला जाता आलं नाही. कंपाउंडरनं दुसरीच बाटली दिली होती. बाटलीत पाणी शिरलं होतं. पुलाची सगळ्यात चांगली होती, तिच्यात मी पोहतही होतो.

"गोळी... कोन... बंद?"

"मी," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं.

"काऊन?"

"मले वाटलं, तू बरी झाली."

हे मात्र तिनं लगेच म्हटलं, शोधावं लागलं नाही.

"नाई झाली."

तिनं सूप उचललं. एका हातानं पाखडता येत नाही, सगळं एका अंगाला जातं, निम्मे दाणे बाहेर पडतात. मी सुपाची दुसरी कड धरायला गेलो. तिनं सूप आपल्याकडे ओढून घेतलं आणि पाखडत राहिली. खाली पडलेले दाणे मी वेचायला लागलो.